आक्का घर का सोडत नाही?

प्रश्न असा आला आहे: "मी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची. २०१९ च्या महापुरावर कादंबरी लिहितेय, दीडशे पानं झालीत. वाचणारे म्हणतात, पुराचं वर्णन अंगावर येतं, पण माणसं लक्षात राहत नाहीत आणि मधली पन्नास पानं हलतच नाहीत. प्रत्येक पात्राची जन्मतारीख, शिक्षण, आवडता रंग असा तक्ता करून ठेवलाय, तरी ती जिवंत होत नाहीत. आता पात्रांवर काम करू की कथानकावर?" सोबत पहिली चाळीस पानं आणि पुढच्या पानांचा सारांश आहे.

तो तक्ता आधी कपाटात ठेव. फाडू नकोस. कादंबरी संपत आली की कोण कुणापेक्षा किती वर्षांनी मोठं, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, हे ताडून बघायला तो लागेल. पण तुझ्या आक्काला मोरपंखी रंग आवडतो हे वाचून मला आक्का कळली नाही, आणि खरं सांगायचं तर तुलाही अजून कळलेली नाही. इतके रकाने आखलेस, त्यात 'ही बाई कशाला धरून बसलीय' एवढा एक रकाना राहिला.

पात्र की कथानक, हे तू विचारतेस. तीसेक वर्षं मी कथा लिहितेय, जवळपास तेवढीच वर्षं दुसऱ्यांच्या कथांवर पेन्सिल चालवतेय, आणि ही दोन कामं मला कधी वेगळी करता आली नाहीत. माणूस काहीतरी धरून बसतो. परिस्थिती ते सोडायला लावते. मग तो सोडत नाही, किंवा सोडून पस्तावतो, किंवा दोन्ही टाळायला जाऊन भलतंच करून बसतो. तुझ्या पानांत सोडायला लावणारी परिस्थिती जंगी आहे. धरून बसलेलं मात्र कुणी नाही. त्यामुळं सगळं काम एकट्या पुराला करावं लागतं. पाणी वाढलं की माणसं माडीवर जातात, आणखी वाढलं की पत्र्यावर, बोट आली की बोटीत. पाण्याला कुणाची ओळख नसते, ते सगळ्यांना सारखंच बुडवतं. तू पाण्याच्या मागं मागं लिहीत गेलीस, म्हणून तुझी माणसंही सारखीच दिसायला लागली.

आता आक्काकडं येऊ. बाराव्या पानावर तू लिहिलंयस, 'आक्काचा त्या घरावर जीव होता, म्हणून ती निघायला तयार नव्हती.' घरावर जीव कुणाचा नसतो? त्या ऑगस्टमध्ये जी माणसं शेवटपर्यंत थांबली, त्यांच्याकडं याहून पक्की कारणं होती. गोठ्यात जनावरं होती. आणि २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तेव्हाचं पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत येऊन मागं गेलं होतं, मग आता कसं येईल, हा हिशेब होता. हिशेब चुकला, पण तो वेडेपणाचा नव्हता. माणूस चुकीच्या निर्णयापर्यंत शहाणपणानं कसा चालत जातो, हे दाखवलंस तर वाचक त्याच्याबरोबर चालतो. तेवढी दोन कारणं घेच. पण ती सगळ्या गावाची कारणं झाली. आक्काचं एकटीचं, कुणाला सांगता न येणारं कारण अजून मिळायचं आहे.

मी एक सुचवते, आवडलं नाही तर टाकून दे. लोखंडी कपाटातल्या डब्यात सुनेचा साज, गळ्यातला सोन्याचा दागिना, आहे. सून त्याला हात लावत नाही, सणासुदीला आक्काकडून मागून घेते, कारण किल्ली आक्काकडं. आणि साज तिथं नाहीच. धाकट्या लेकाला जुनी पिकअप घ्यायची होती, पहिल्या हप्त्याची तोंडमिळवणी होईना, म्हणून आक्कानं तो गुजरीत, सराफ बाजारात, गहाण टाकलाय. दिवाळीच्या आत सोडवून आणणार होती. डबा रिकामा आहे. घर सोडायचं म्हटलं की सून आधी काय मागणार? डबा.

बघ काय झालं. पुरातला एक थेंब वाढवलेला नाही, तरी आता पाणी चढलं की आक्काच्या पोटात गोळा येतो आणि त्याचं कारण फक्त वाचकाला ठाऊक आहे. सगळे तिला म्हातारी हट्टी आहे म्हणतात. ती हट्टी नाही, ती अडकलीय. थोरला लेक पाण्याला भितो, ती कपाट उघडण्याला भिते. एकाच खोलीत दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींना भिताहेत. यातूनच तुझे प्रसंग निघतील.

आता मधल्या पन्नास पानांचं. एक घरगुती चाचणी सांगते. प्रत्येक प्रसंग एका ओळीत, एकेका चिठ्ठीवर लिही आणि चिठ्ठ्या जमिनीवर ओळीनं मांड. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये कुठला शब्द बसतो ते बघ. तुझ्या चाळीस पानांत मी मोजलं, जवळजवळ सगळीकडं 'आणि मग' बसतं. पाणी आलं आणि मग वीज गेली आणि मग शेजारचे आले आणि मग म्हशी सोडल्या. ही पुराची हकीगत झाली. 'म्हणून' बसायला लागला की कथानक सुरू होतं: आक्कानं किल्ली दिली नाही, म्हणून थोरल्यानं कुलूप तोडायची भाषा केली, म्हणून धाकटा मध्ये पडला, म्हणून सुनेला पहिल्यांदा शंका आली.

पण मला स्वतःला 'म्हणून'पेक्षा 'तरी' जास्त प्यारा आहे. नुसत्या 'म्हणून'नं बांधलेली कथा यंत्रासारखी चालते, पुढचं वाचकाला आधीच दिसतं. धाकट्यानं पैसे बुडवलेत, तरी आक्का त्यालाच आधी जेवायला वाढते. सुनेला शंका आलीय, तरी ती आक्काचे पाय शेकते. माणूस या 'तरी'त सापडतो. तुझ्या गावाचाच बघ ना. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा मिळाल्या, तरी सगळं गाव काही उठलं नाही. हे मी तुला काय सांगायचं, तू मला सांगायचं. त्या 'तरी'च्या आत घराघरात काय काय दडलंय ते तुला माहीत आहे, आणि तुझ्या चाळीस पानांत सोनतळीचा उल्लेख मला एकदा, तोही ओझरता दिसला. आक्काच्या नवऱ्यानं तिथली जागा का बांधली नाही? हे एक प्रकरण नुसतं पडून आहे.

मधला भाग ढिला पडतो ही तक्रार फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितलेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. कॉलेजात आम्ही ते परीक्षेपुरते घोकले. लिहायला लागल्यावर कळलं की त्यातला गर्भसंधी हा मधल्या पानांवरचा उतारा आहे. तिथं कथेचं बीज हाती लागतं, हातचं जातं आणि पुन्हा शोधावं लागतं. तुझ्याकडं मध्ये असं काहीच हाती लागत नाही, म्हणून काही जातही नाही. किल्लीवर करून बघ. सुनेला किल्ली सापडते. ती कपाटाशी जाते, तेवढ्यात गोठ्याची भिंत खचते आणि सगळे म्हशींकडं धावतात. ती परत येते तर किल्ली जागेवर नाही, आक्का देवापुढं बसलेली. आता दोघींनाही कळलंय की दुसरीला काहीतरी कळलंय, आणि रात्रभर दोघी एकाच माडीवर आहेत. एवढी रात्र नीट लिहिलीस तर पन्नास पानांची तक्रार राहणार नाही.

घड्याळ मात्र तुला आयतं मिळालंय आणि तू ते वापरलेलं नाहीस. कोल्हापुरातलं शेंबडं पोरही पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. वर राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, धरण भरलं की आपोआप उघडणारे. 'दोन उघडले', 'चार उघडले' अशी बातमी येते आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो. कादंबरीकाराला याहून काय हवं? बातमी आली आहे, पाणी यायचं आहे, आणि मधल्या काही तासांत आक्कानं एक वाक्य बोलायचं आहे. तू हे आकडे एका परिच्छेदात कोंबून वर्तमानपत्रासारखे दिलेस. ते पेरून टाक. एक प्रसंग ३८ फुटांवर सुरू कर. आकडा कुणाच्या तरी तोंडून येऊ दे, मोबाइलची बॅटरी संपत आलेल्या पोराच्या. आकडा आला की लगेच आक्काचं तोंड दाखव, पाणी दाखवू नकोस. पाणी वाचकानं पाहिलेलं आहे.

वर्णनाबद्दल तुझं कौतुक झालंय, त्यामुळं हे जरा जपून सांगते. 'अथांग जलप्रलय', 'रौद्र रूप' हे शब्द बातम्यांनी वापरून वापरून झिजलेत. त्याच चाळीस पानांत दोन गोष्टी माझ्या मनात राहिल्या. दूध संकलन बंद पडल्यावर थोरला चरवीभर दूध पुराच्या पाण्यात ओततो, ही एक. आणि शहरातल्या मावशीच्या दारात सगळीकडं पाणी, पण नळ कोरडा आणि बायका टँकरची वाट बघत उभ्या, ही दुसरी. दोन्ही तू दोन-दोन ओळींत उरकल्यास. म्हशीच्या घरात वाढलेल्या माणसाला दूध ओतताना काय होतं, ते हाताला काय होतं तिथून लिही. चरवी एकदम उपडी करतो की हळूहळू सोडतो? शेवटचं थोडं पिऊन टाकतो का? मला वाटतं, पितो.

आता संवाद. तुझी सून म्हणते, "सासूबाई, पाणी वेगाने वाढत आहे. मला खूप भीती वाटते आहे. आपण आता निघायला हवे." चिखलीत असं कोण बोलतं गं? भाषा पुस्तकी आहे हा एक दोष झाला. दुसरा त्याहून मोठा: ती मनातलं सगळं सरळ सांगून टाकते, मग वाचकाला शोधायला काही उरत नाही. हे बघ:

"आत्या, किल्ली द्या की."

"कशाला?"

"डबा घेतो. जाताना गळ्यात घालून जातो."

"पुरात साज घालून मिरवणार हाईस व्हय?"

"मग पिशवीत टाकतो."

"म्हशीला वैरण टाकलीस काय?"

यात पाणी नाही, भीती नाही. आक्का तीनदा उत्तर टाळते, आणि तिसऱ्यांदा तर सरळ गोठ्यात पळते. सून 'घेतो', 'जातो' म्हणते ते मुद्दाम. आपल्याकडच्या बायका असंच बोलतात, मीही घरी 'आलो बघ' म्हणतो आणि पुण्याची मैत्रीण दर वेळी हसते. हे असं एक-दोन जागी ठेवलं की बाकी निवेदन साधं ठेवता येतं. प्रत्येक शब्द मोडून-तोडून लिहिलास तर वाचकाला अडखळायला होईल आणि माणसं विनोदी वाटायला लागतील. कानाला कोल्हापूर ऐकू यायला एखादा 'की', एखादा 'व्हय' पुरतो.

कान तयार करायचा तर गंगावेशच्या दूध कट्ट्यावर चार संध्याकाळी जा. समोर म्हशीची धार काढून पेला हातात देतात, त्या गर्दीत उभी राहा. कोण कसा दिसतो ते टिपू नकोस. कोण कुणाकडं काय मागतो आणि मागताना काय लपवतो, एवढंच टिप. एक गृहस्थ मी बरेच दिवस बघत होते. रोज एक पेला पिणार, आणि दुसरा 'घरी न्यायचाय' म्हणून किटलीत घेणार. किटली घेऊन ते घराकडं जायचे नाहीत, उलट्या दिशेला जायचे. कुठं, ते मी शोधलं नाही. शोधलं असतं तर कथा गेली असती. तीन महिन्यांनी ती लिहिली आणि माझ्या बऱ्या कथांमध्ये ती धरली जाते.

न बघता लिहिण्याचं फळही मी खाल्लंय. पंचविशीत एका पैलवानावर कथा लिहिली. ऐन कुस्तीत हरणारा, खचलेला, एकटा वगैरे. तालमीत मी तोवर पाय ठेवला नव्हता. ओळखीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादांनी ती ऐकली आणि विचारलं, "ताई, ह्यो हरल्यावर दुसऱ्या दिवशी किती वाजता उठला?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "चारला उठला आसंल. कुस्ती सुटली तरी उठायचं सुटत न्हाई." माझ्या सोळा पानांत जे नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात दिलं. पहाटे चारला उठून अंधारात नुसता बसलेला पैलवान. त्याला कुस्तीच्या हौद्यात उतरायचं नाहीये, पण अंग उठलंय. मी कथा पुन्हा लिहिली तेव्हा 'खचला' हा शब्द काढून टाकला. माणसाच्या सवयीत त्याचं सगळं आयुष्य साठलेलं असतं. तेव्हा तुझ्या तक्त्यात आवडत्या रंगाऐवजी एवढंच लिही, की कारण संपल्यावरही हा माणूस कुठली सवय सोडत नाही.

सगळ्याच पात्रांना असं खोदायची गरज नाही. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत सपाट आणि गोल अशी पात्रांची विभागणी केली. आपल्याकडं ती शिकवताना सपाट म्हणजे वाईट असंच ठसवलं जातं. फॉर्स्टरला तसं म्हणायचं नव्हतं. सपाट पात्र आलं की लगेच ओळखू येतं, लक्षात राहतं, हा त्याचा गुणच त्यानं सांगितलाय. तुझ्या कादंबरीत तलाठी, बोटवाले जवान, शेजारचे बापू, मावशी, शाळामास्तर अशी चौदा माणसं आहेत आणि तू चौदाही जणांना एकेक पान बालपण दिलंयस. बापू दर वेळी २००५ ची खूण दाखवतो, एवढ्यावर बापू चालेल. खूण बुडते त्या दिवशी तो गप्प होतो, बस्स. गोल करायची ती तिघंच: आक्का, सून, थोरला. धाकट्याबद्दल मी अजून साशंक आहे. तू त्याला दारुडा केलायस, ते फार सोपं झालं. पिकअपचे हप्ते तो खरंच फेडत असता आणि पुरात ती पिकअपच वाहून गेली असती तर? मग आक्काचा गुन्हा वाढतो आणि दोष द्यायला कुणी राहत नाही. कथेत खलनायक नसला की लिहिणाऱ्याला जास्त कष्ट पडतात, पण मला तशाच कथा आवडतात.

बोटीचंही बघ. शेवटी सगळे अडकलेत आणि अचानक बोट येऊन त्यांना नेते. पुरात बोटी आल्या हे खरंच आहे, त्यावर कुणी शंका घेणार नाही. पण योगायोगानं संकट आणावं, संकटातून सुटका करू नये, एवढं पथ्य पाळ. बोट येऊ दे, पण येताना ती काहीतरी मागू दे. फक्त माणसं घेणार, सामान नाही, जनावरं नाहीत. थोरल्याला म्हशींची दावी कापावी लागतात. कुठल्या म्हशीचं दावं तो शेवटी कापतो हे तुला माहीत हवं. आणि सून त्या क्षणी म्हणू शकते, "सामान न्यायचं नाही म्हणत्यात. डबा राहू दे आत्या." आक्का सुटली. की आणखी अडकली?

इथं तुला एक मोह होईल: सुनेला सगळं आधीपासून माहीत होतं असं दाखवायचा. मला तो मोह वाईट वाटत नाही, पण त्याची किंमत मोजायची तयारी असेल तरच. नुसता शेवटी धक्का द्यायचा म्हणून ते आणलंस तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. तिला खरंच माहीत असेल, तर मागची सगळी पानं पुन्हा लिहावी लागतील. ती किल्ली मागत होती ती डब्यासाठी नव्हेच. आक्कानं आपणहून सांगावं म्हणून ती पुन्हा पुन्हा संधी देत होती. वर लिहिलेला तो संवाद आता परत वाच. शब्द तेच आहेत, पण "पिशवीत टाकतो" याचा अर्थ बदलला. "पाय शेकते" याचाही. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंग असा उलटा उभा राहिला तरच हा शेवट घे. नाहीतर सुनेला शेवटपर्यंत काही न कळता राहू दे, आणि पूर ओसरल्यावर चिखल उपसताना तिच्या हाती रिकामा डबा लागू दे. ती तो उघडते, धुते, उन्हात पालथा घालते आणि कुणाला काही विचारत नाही. मी लिहीत असते तर हा घेतला असता. तुझी सून माझ्यापेक्षा बोलकी आहे, तिला कदाचित झेपणार नाही.

आणखी एक गोष्ट, मग पुरे. कादंबरी पुरानं सुरू करू नकोस. पहिली अकरा पानं पाऊस आहे. आक्का साज गहाण टाकायला एसटीनं कोल्हापूरला येते, महाद्वारातून आधी अंबाबाईला जाते आणि मग गुजरीत, की आधी गुजरीत आणि मग देवीला तोंड दाखवायला जाते, हे ठरव आणि तिथून सुरुवात कर. बाहेर उन्हाळा असू दे, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या.

पुराची लिहिलेली पानं पुसू नकोस, वेगळ्या फायलीत ठेव. त्यातली तिसेक परत लागतील. आत्ता तीनच प्रसंग लिहून पाठव. गुजरीतला, किल्ली मागण्याचा आणि माडीवरच्या रात्रीचा. प्रत्येकी सात-आठ पानांच्या वर जाऊ नकोस. किल्ली आक्काच्या कमरेला असते, देवघरातल्या तांब्यात असते की पिठाच्या डब्यात, ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही. ते तुझ्या घरात बघून ये.